मूळ नक्षत्र, मुक्काम मेम्फिस

वाईट ग्रहावर जन्मल्याची तक्रार करणारं एक गाणं, ते जिथे रेकॉर्ड झालं ती गल्ली, आणि 'तो एरिया बरा नाही' म्हणणारे आपलेच नातेवाईक. अल्बर्ट किंगच्या एका अल्बमच्या मागे मागे केलेली ही भटकंती.

माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा. आजीने तेव्हाच शांत करून घेतली, त्यामुळे प्रकरण मिटलं असं घरात सगळ्यांना वाटलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी आईने माझी पत्रिका बाहेर काढली आणि मूळ पुन्हा वर आलं. एक स्थळ 'मुलगी छान आहे, पण...' म्हणून गेलं. दुसऱ्यांनी तर 'पण'सुद्धा सांगितला नाही. मुळावरची मुलगी सासऱ्याला भारी असते म्हणे! त्या काकांना मी एकदाही भेटले नव्हते, आणि त्यांच्या जिवाला माझ्यापासून धोका होता.

त्याच सुमारास मी जिथे नोकरी करत होते ते मासिक बंद पडलं. मैत्रिणी लाडाने 'पनवती' म्हणायला लागल्या. मीही हसून घ्यायचे. पण रात्री एकटं असताना, खरं सांगते, एखादा विचार यायचाच. असेल का काही?

त्या दिवसांत माझ्या हेडफोन्समध्ये एकच गाणं लूपवर होतं. 'बॉर्न अंडर अ बॅड साइन'. कॉलेजात असताना बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज फेस्टिवलचा फुकटचा पास मिळाला म्हणून गेले होते, तिथे एका बँडने ते वाजवलं होतं. घरी येऊन ओरिजिनल शोधलं. गायक-गिटारिस्ट अल्बर्ट किंग, साल १९६७, अल्बमचं नावही तेच. कव्हर बघून तर मी खूश! काळं मांजर, कवटी, फासे, इस्पिकचा एक्का आणि शुक्रवार तेरा तारीख दाखवणारं कॅलेंडर. आजीने बघितलं असतं तर तिथेच मीठ-मोहऱ्या ओवाळल्या असत्या.

मग गेल्या वर्षी मामेभावाने बोलावलं. तो राहतो अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या मेम्फिसजवळ. आणि तो अल्बम रेकॉर्ड झाला मेम्फिसमध्ये. नशीब चांगलं असतं कधीकधी.

'त्यापेक्षा ग्रेसलँड बघ'

फेडेक्सचं हेडक्वार्टर मेम्फिसचं, त्यामुळे इथे आयटीतली आपली मंडळी बरीच आहेत. पण ती 'मेम्फिसला' राहतात हे सांगण्यापुरतंच. खरी घरं शहराबाहेर पूर्वेला, जर्मनटाउन नाहीतर कॉलियरव्हिलमध्ये. हिरवळ, दोन गाड्यांचं गॅरेज, चांगली शाळा. दादाचं घरही तसंच. वहिनीने पहिल्या सकाळी पोहे केले, वर ओलं खोबरंसुद्धा! मी म्हटलं, 'दादा, मला मॅकलेमोर अव्हेन्यूला जायचंय.'

दादाने फोनवर नकाशा बघितला आणि त्याचा चेहराच बदलला. 'साउथ मेम्फिस? अगं, तो एरिया बरा नाही.'

'तू गेलायस कधी?'

'कशाला जाईन? पाच वर्षांत आमच्यातलं कोणी गेलं नाही तिकडे. त्यापेक्षा ग्रेसलँड बघ. एल्विसचं घर. पार्किंगपण आहे.'

वहिनी म्हणाली, 'एवढी आलीय ती सातासमुद्रापारहून, तर ने की रे. काचा वर ठेवा फक्त.'

असे आम्ही तिघं निघालो, काचा वर ठेवून. हायवेवरून उतरून दक्षिणेकडे वळलो तशी दुकानं विरळ होत गेली. काही घरांच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या, मधेच मोकळे प्लॉट, मग एक चर्च, परत मोकळा प्लॉट, परत एक चर्च. एका सिग्नलला गाडी थांबली आणि शेजारून तीन-चार मुलं रस्ता ओलांडायला लागली. दादाने दरवाज्यांचं लॉक दाबलं. खटक. त्याच्या अर्ध्या सेकंदाआधी माझाही हात तिकडे गेला होता. पोरांनी आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

ते 'खटक' दिवसभर माझ्या कानात राहिलं.

पत्ता : ९२६, ईस्ट मॅकलेमोर

आणि मग अचानक समोर सिनेमा थिएटरची भलीमोठी मार्की. वर 'स्टॅक्स', खाली 'सोल्सव्हिल, यू.एस.ए.' लालभडक अक्षरं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने आपल्या दारावर 'हिट्सव्हिल' लिहिलं होतं, त्याला मेम्फिसने दिलेलं हे उत्तर.

गोष्ट अशी. जिम स्टुअर्ट बँकेत नोकरी करणारा गोरा माणूस, लोकसंगीतात फिडल वाजवायचा. त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन. रेकॉर्डिंग मशीन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून बहिणीने राहतं घर गहाण टाकलं. १९६० मध्ये दोघांनी कृष्णवर्णीयांच्या वस्तीतलं बंद पडलेलं कॅपिटॉल थिएटर भाड्याने घेतलं. स्टुअर्टचं 'स्ट' आणि ॲक्स्टनचं 'ॲक्स', झालं 'स्टॅक्स'. पडदा होता त्या बाजूला कंट्रोल रूम, खुर्च्या काढून टाकलेल्या हॉलमध्ये स्टुडिओ. थिएटरची उतरती जमीन सपाट करायला पैसे नव्हते, ती तशीच राहिली. जाणकार सांगतात की त्या उतारामुळे आणि उंच छतामुळेच इथला आवाज वेगळा झाला. परवडलं नाही म्हणून जे राहिलं, तीच पुढे ओळख झाली.

आणि पॉपकॉर्न, गोळ्या-चॉकलेटं विकायच्या काउंटरवर एस्टेलबाईंनी रेकॉर्डचं दुकान थाटलं. गल्लीतली पोरं तिथे पडीक. मागे गाणं रेकॉर्ड झालं की पुढे दुकानात वाजवायचं, पोरं नाचली तर ठीक, नाहीतर पुन्हा मेहनत. मार्केट रिसर्चचा एकदम सॉलिड फंडा! मला आपलं ऱ्हिदम हाउस आठवलं. काळा घोड्याच्या त्या दुकानात विकत काही न घेता तासन् तास ऐकत उभं राहण्याची एक पिढ्यान् पिढ्यांची सोय होती. २०१६ मध्ये ते बंद झालं. स्टॅक्समध्ये तर असं दुकान आणि स्टुडिओ एकाच छपराखाली. गिऱ्हाईक म्हणून आलेली पोरं मागच्या खोलीत वादक व्हायची. त्यातलाच एक याच वस्तीतला बुकर टी. जोन्स. हायस्कूलमध्ये होता तेव्हापासून इथे वाजवायला लागला.

आता तुम्ही म्युझियममध्ये शिरता तेव्हा आधी भेटतं एक अख्खं चर्च. मिसिसिपीतलं शंभर वर्षांहून जुनं लाकडी चर्च उचलून आत पुन्हा उभं केलंय, कारण सोल संगीताची मुळं तिथे. पुढे आयझॅक हेजची सोन्याच्या मुलाम्याची कॅडिलॅक गोल गोल फिरत असते. वहिनीने तिथे अकरा फोटो काढले. मग स्टुडिओ ए. उतारासकट.

मी तिथे उभी राहिले आणि टाचांना तो उतार लागला. डोळे भरून आले. म्हणजे यायला लागले होते, तेवढ्यात बाजूची पाटी वाचली. ही मूळ इमारत नाहीच. मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली. त्याच जागेवर, त्याच नकाशाबरहुकूम हे सगळं पुन्हा बांधून २००३ मध्ये म्युझियम उघडलं.

मी ज्या जमिनीवर रडणार होते, तिचं वय माझ्याहून कमी होतं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी

तरी जागा तीच. १९६६ च्या मार्चपासून पुढचे पंधरा महिने अल्बर्ट किंग इथे अधूनमधून येत राहिला. जन्म १९२३ चा, म्हणजे तेव्हा चाळिशी उलटलेली. अर्कान्सामध्ये कापूस वेचण्यात बालपण गेलेलं. सिगारच्या खोक्याची पहिली गिटार घरीच बनवलेली. पोटापाण्यासाठी बुलडोझर चालवलेला. सहा फुटांच्या कितीतरी वर उंची, अंगाने धिप्पाड आणि आवाज मात्र मऊ, म्हणून टोपणनाव पडलं 'वेल्व्हेट बुलडोझर'. १९६१ मध्ये एक गाणं बऱ्यापैकी चाललं होतं, पण त्या एकाच गाण्यावर किती दिवस काढणार? क्लब ते क्लब फिरणारा, जाणत्यांना माहीत असलेला, बाकी कोणालाच माहीत नसलेला ब्लूजवाला. आपल्याकडे असे तबलजी असतात बघा.

स्टॅक्समध्ये ब्लूजचा बँड नव्हताच. होता तो सोलचा, 'बुकर टी. अँड द एम.जी.ज्'. ऑर्गनवर बुकर टी., ड्रम्सवर अल जॅक्सन ज्युनियर, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेसवर डोनाल्ड 'डक' डन. पहिले दोघे कृष्णवर्णीय, नंतरचे दोघे गोरे. ओटिस रेडिंगपासून सॅम अँड डेव्हपर्यंत सगळ्यांच्या मागे हीच टीम. जोडीला मेम्फिस हॉर्न्सचे ट्रम्पेट-सॅक्सोफोन.

वयं मोजून बघा. 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' रेकॉर्ड झालं मे १९६७ मध्ये. बुकर टी. बावीस वर्षांचा, शनिवार-रविवारी मेम्फिस आणि एरवी इंडियाना युनिव्हर्सिटी असं करत संगीताची डिग्री मिळवलेला. क्रॉपर आणि डन पंचवीस. गाणं लिहिणारा विल्यम बेल सत्तावीस. म्हणजे आपल्या ऑफिसातली आपली टीम! आणि त्यांच्यासमोर चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, जो आपली पद्धत बदलायच्या वयाचा राहिलेला नव्हता.

बेलने पुढे सांगितलं की तेव्हा ज्योतिषाची चलती होती, सगळे एकमेकांची रास विचारायचे, त्यातून ही कल्पना डोक्यात होती. ब्लूजवाल्यासाठी गाणं हवं होतं, तेव्हा त्याने ती काढली आणि बुकर टी.ने त्याला बेसची ती जड, पाय ओढत चालणारी चाल दिली. ती एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून जात नाही.

आता यात वेगळं काय झालं? ब्लूजमध्ये गिटारिस्ट राजा असतो, बाकीचे मागून चालतात. सोलमध्ये कोणीच राजा नसतो. प्रत्येकाने आपलं छोटंसं काम चोख करायचं आणि गप्प बसायचं. इथे अल जॅक्सनचा ठेका घड्याळासारखा, हॉर्न्स दोनच सूर फुंकून बाजूला होतात, क्रॉपर तर आहे की नाही असा. आणि या नीटनेटक्या घरात किंगची गिटार शिरते. ती फार बोलत नाही. एखादं वाक्य, मग शांतता. मग तेच वाक्य, जरा जास्त दुखरं.

तो आवाज कसा काढायचा याचीही गंमत आहे. किंग डावखुरा. त्याने उजव्या हाताने वाजवायची गिटार सरळ उलटी धरली, तारा मात्र तशाच ठेवल्या. म्हणजे बारीक तारा वरच्या बाजूला. बाकीचे गिटारिस्ट सूर वाकवायला बारीक तार वर ढकलतात, हा पठ्ठ्या ती खाली ओढायचा. त्यासाठी तारा सैल लावायचा, आणि प्लेक्ट्रमऐवजी नुसता अंगठा. सतारीची मींड ऐकत वाढलेल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटतं. एकाच पडद्यावर तार खेचून दोन-तीन सूर काढणं आपल्याला नवीन नाही.

अकरा गाण्यांचा अल्बम. 'क्रॉसकट सॉ'चा ठेका असा की बसून ऐकणं कठीण. 'लॉन्ड्रोमॅट ब्लूज'मध्ये बायको सारखी कपडे धुवायला का जाते, हा संशय. 'पर्सनल मॅनेजर'मध्ये गिटार मनसोक्त मोकळी सुटते. आणि शेवटी 'द व्हेरी थॉट ऑफ यू' हे जुनं प्रेमगीत, जे किंग इतकं हळुवार गातो की गिटार बाजूला ठेवलीय याचं काही वाटत नाही. सगळी गाणी एकाच वेळची नाहीत. काही आधी सिंगल म्हणून बाजारात आली होती, ती ऑगस्ट १९६७ मध्ये एकत्र झाली. पण ऐकताना एक खोली, एक टीम जाणवत राहते.

नशीब फळफळलं म्हणजे किती! १ फेब्रुवारी १९६८ ला किंग सॅन फ्रान्सिस्कोच्या फिल्मोर ऑडिटोरियममध्ये जिमी हेंड्रिक्स आणि जॉन मेयॉलबरोबर एकाच कार्यक्रमात. समोर गोऱ्या कॉलेजकुमारांची गर्दी. त्याच वर्षी एरिक क्लॅप्टनच्या 'क्रीम'ने 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' बाजारात आणलं. पुढे स्टीव्ही रे व्हॉनसारख्या गिटारिस्टांनी त्याच्या त्या ओढलेल्या तारांची अक्षरशः पारायणं केली. दुर्दैवाचं गाणं गाऊन माणसाचं दैव उघडलं.

म्युझियममध्ये त्याची एक जांभळी 'फ्लाइंग व्ही' गिटार आहे, बाणाच्या टोकासारख्या आकाराची. आपल्या गिटारला तो 'ल्युसी' म्हणायचा. आणि योगायोग बघा, इथून जवळच ल्युसी अव्हेन्यू आहे. तिथल्या ४०६ नंबरच्या छोट्याशा घरात १९४२ मध्ये ॲरेथा फ्रँकलिन जन्मली. आम्ही रस्त्यावरून ते घर बघितलं. एवढंसं लाकडी घर. दादा गाडीतून उतरला. सकाळपासून पहिल्यांदा, कोणी न सांगता.

दहा मिनिटांवरचं मोटेल

भूक लागली होती. वॉकर अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर 'द फोर वे' आहे, १९४६ पासूनचं. स्टॅक्सची मंडळी इथे जेवायची. मार्टिन ल्युथर किंगही जेवलेत. तळलेला कॅटफिश, रताळं, कॉर्नब्रेड, शेवटी पीच कॉबलर. वाढणाऱ्या आजीबाईंनी वहिनीला 'बेबी' म्हटलं आणि ताटात न मागता आणखी एक कॉर्नब्रेड ठेवला. दादाच्या शेजारच्या टेबलावरचे काका फेडेक्समधून रिटायर झालेले निघाले. मग काय, दोघं अर्धा तास विमानतळावरच्या नाइट शिफ्टवर बोलत होते. मी आणि वहिनी एकमेकींकडे बघत होतो.

तिथून लॉरेन मोटेल गाडीने दहा मिनिटं. १९६०च्या दशकात मेम्फिसमध्ये काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसावं अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या. १९६४ च्या कायद्याने पाट्या उतरल्या होत्या, सवयी उतरल्या नव्हत्या. वॉल्टर आणि लोरी बेली या कृष्णवर्णीय जोडप्याचं लॉरेन त्याला अपवाद. स्टॅक्सचे लोक मुक्कामाला, गाणी लिहायला, पोहायला इथेच. क्रॉपर आणि विल्सन पिकेटने 'इन द मिडनाइट अवर' इथे लिहिलं, क्रॉपर आणि एडी फ्लॉइडने 'नॉक ऑन वुड'ही इथेच. ते दुसरं गाणं प्रेम हातचं जाऊ नये म्हणून लाकडाला हात लावण्याचं. पुन्हा नशीबच!

अल्बर्ट किंगची ती फिल्मोरची तारीख आठवतेय? १ फेब्रुवारी १९६८. त्याच दिवशी मेम्फिसमध्ये पाऊस होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या ट्रकमध्ये आडोशाला थांबले होते. ट्रकचं दाबयंत्र बिघडून सुरू झालं आणि दोघेही आत चिरडले गेले. जुन्या यंत्रांबद्दल कामगार आधीपासून तक्रार करत होते. काही दिवसांतच तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या पाठिंब्यासाठी मार्टिन ल्युथर किंग मेम्फिसला आले, लॉरेनच्या ३०६ नंबरच्या खोलीत उतरले आणि ४ एप्रिलला त्या खोलीबाहेरच्या बाल्कनीत त्यांना गोळी घातली गेली. त्याच दिवशी लोरी बेलींना मेंदूचा झटका आला. ९ एप्रिलला, किंग यांच्या अंत्यविधीच्या दिवशी, त्याही गेल्या.

१९९१ पासून इथे नागरी हक्कांचं राष्ट्रीय म्युझियम आहे. बाहेर त्या काळच्या दोन गाड्या उभ्या, बाल्कनीच्या कठड्यावर पुष्पचक्र. वहिनीने मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला. कोणीच काही बोललं नाही.

नशीब कोण लिहितं?

स्टॅक्सचं पुढे काय झालं, ते म्युझियममध्ये सकाळी वाचलं होतं. लॉरेनहून परतताना ते नीट लागलं. डिसेंबर १९६७ मध्ये ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला. त्याला नशीब म्हणा हवं तर. पण त्यानंतरचं? स्टॅक्सच्या रेकॉर्ड्स देशभर विकायचं काम न्यू यॉर्कच्या ॲटलांटिककडे होतं. १९६५ च्या करारात एक कलम होतं, आणि जिम स्टुअर्टने तो करार वाचलाच नव्हता. ॲटलांटिक विकली गेल्यावर कळलं की स्टॅक्सच्या आधीच्या बहुतेक रेकॉर्डिंग्जची मालकी स्टॅक्सकडे नाहीच. कंपनी त्यातूनही उभी राहिली, पण पुढे कर्ज, बँक, कोर्ट. डिसेंबर १९७५ मध्ये दारं बंद. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अल जॅक्सनला गोळी घालून मारण्यात आलं होतं. मग चौदा वर्षं ओसाड पडलेली इमारत आणि १९८९ मध्ये तोडफोड. ज्या स्टुडिओत एक माजी बुलडोझरवाला गायला, तो जमीनदोस्त झाला.

बाहेर पडताना फळ्या ठोकलेली तीच घरं पुन्हा दिसली. सकाळी मी 'वाईट एरिया' बघत होते. आता त्यात काही तारखा दिसायला लागल्या. माणसांना काम देणारी जागा गेली की गल्लीचं काय होतं, ते आपल्या गिरणगावाला विचारा! वस्तीची पत्रिका कुठल्या ग्रहाने लिहिली नव्हती. न वाचलेला करार, न दुरुस्त केलेला ट्रक, आणि त्या दिशेला गाडीच न वळवणारी आमच्यासारखी माणसं. प्रत्येकाने एकेक घर भरलं होतं.

आणि हे सगळं शनीवर ढकललं की किती सोपं होतं! कोणाला जाब विचारायला नको. मला माझं बंद पडलेलं मासिक आठवलं. वर्षभर आधीपासून पगार उशिरा येत होते, जाहिराती आटल्या होत्या, आम्हाला सगळं दिसत होतं. त्यात माझ्या नक्षत्राचा काय संबंध?

म्युझियमच्या शेजारीच स्टॅक्स म्युझिक ॲकॅडमी आहे, २००० पासून. संध्याकाळी आम्ही परत तिथून गेलो तेव्हा पोरं सुटत होती. पाठीवर, हातात वाद्यांच्या पेट्या. एक जेमतेम बारा वर्षांची मुलगी स्वतःच्या उंचीएवढ्या पेटीशी झटत रस्ता ओलांडत होती. दादाने गाडी थांबवली, काच खाली केली आणि तिला हाताने 'जा' म्हणून खूण केली. तिने मान डोलावली. 'थँक यू, सर!' काच परत वर गेली नाही.

नदीपलीकडे

दुसऱ्या दिवशी दादानेच विचारलं, 'तुझ्या त्या किंगची समाधी कुठेय?'

अल्बर्ट किंग २१ डिसेंबर १९९२ ला मेम्फिसमध्येच गेला. हृदयविकाराचा झटका. बील स्ट्रीटवरून त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा मेम्फिस हॉर्न्स वाजवत होते. दफन मात्र मिसिसिपी नदीच्या पलीकडे, अर्कान्सातल्या एडमंडसन गावात. त्याच सपाट मुलखात, जिथे त्याने लहानपणी कापूस वेचला होता. आम्ही मोठा पूल ओलांडला. नदी एवढी रुंद आणि एवढी गढूळ की पावसाळ्यातली गोदावरी आठवावी. पलीकडे नुसती शेतं आणि आभाळ. पॅराडाइज गार्डन्स नावाची साधीशी दफनभूमी. आमच्याशिवाय कोणी नाही.

दादाने गाडीचे दरवाजे उघडे ठेवून गाणं लावलं. बेसची ती जड चाल त्या शेतांवरून पसरत गेली. वहिनी म्हणाली, 'अय्या, हे रडकं गाणं आहे? मला तर नाचावंसं वाटतंय.' मला वाटतं १९६७ मध्ये रेकॉर्डच्या दुकानात उभ्या असलेल्या पोरांचंही असंच झालं असेल.

तेवढ्यात आईचा मेसेज आला. नवं स्थळ, मुलगा बंगलोरला, जन्मवेळ कळवा म्हणतायत. मी तिथूनच लिहिलं, 'आधीच सांगून टाक, मूळ आहे. चालत असेल तर पुढचं बोलू.' दोन मिनिटांनी आईचा अंगठा आला. मग अजून एक मेसेज. 'जेवलीस का?'

परतताना पुलावर दादा म्हणाला, पुढच्या शनिवारी ऑफिसातल्या दोघा-तिघांना फोर वेला घेऊन जायचंय. पत्ता पाठवून ठेव.

जायचंय?

कसं जाल : मुंबईहून मेम्फिसला थेट विमान नाही. अमेरिकेत एकदा विमान बदलावं लागतं. शहरात स्वतःची गाडी किंवा टॅक्सी हवीच.

कधी : एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईसारखाच घाम निघतो.

काय बघाल : स्टॅक्स म्युझियमला निदान तीन तास द्या. लॉरेन मोटेलमधलं नागरी हक्क म्युझियम त्याच दिवशी न करता वेगळ्या दिवशी केलंत तर बरं, मनाला झेपत नाही. दोन्हींचे सुट्टीचे वार आधी बघून घ्या. संध्याकाळी बील स्ट्रीट आहेच. टुरिस्टी आहे, पण गिटार ऐकायला मिळते.

खाणं : शाकाहारी मंडळींनी फोर वेमध्ये विचारून घ्यावं. दक्षिणेकडच्या पालेभाजीतही बऱ्याचदा मांस असतं.

विमानात ऐकायला : अल्बर्ट किंगचा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन', आणि त्याच्याच 'आय विल प्ले द ब्लूज फॉर यू' (१९७२) मध्ये सोलचा रंग आणखी गडद झालेला.

काचा : खाली ठेवा.